किल्लारीची वाट, हिमालयाचा रेटा

लातूरहून उमरग्याकडे जाणारी एस.टी. धरलीत तर खिडकीशी बसा. औसा मागे पडते, तिथला भुईकोट किल्ला डोळ्यांआड होतो, पुढे लामजना लागते आणि मग दोन्ही अंगांना काळेभोर रान पसरत जाते. पावसाळ्याच्या अखेरीस गेलात तर सोयाबीन आणि तूर, थंडीत हरभरा आणि ज्वारी, मधूनमधून उसाचे फड. डोंगर म्हणावा असा कुठे दिसत नाही. तुमच्या-माझ्या गावाकडे असते तशीच बांधावरची बाभळ, तशीच विहिरीवरची मोटर. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर झाले की कंडक्टर हाक देतो, "किल्लारी!" माणसे पिशव्या सावरत उठतात, जशी कुठल्याही गावाला उठतात.

आपण मात्र ते नाव ऐकून क्षणभर थबकतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांना आठवते त्यांना आणखी काही सांगायला नको. घरातल्या लहानांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगाव गणपती बोळवले गेले होते. मिरवणुकीत नाचून, लेझीम खेळून दमलेली माणसे उशिरा घरी येऊन झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. मोठा धक्का असा किती वेळ टिकला? मिनिटभरसुद्धा नाही. तेवढ्यात किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, मंगरूळ, तळणी अशी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावे दगडमातीचे ढीग झाली. सुमारे १० हजार माणसे गेली. किती गुरे दावणीलाच गाडली गेली, त्याची मोजदाद माणसांच्या मोजदादीपुढे कोण करतो!

बस थांबते ते नवे किल्लारी. रुंद रस्ते, सरळ ओळी, सारख्या मापाची घरे. जुने गावठाण तेरणा नदीच्या बाजूला आहे. तिकडे जाणारी वाट कोणीही दाखवील. तिथे पाहण्यासारखे काय आहे, असे विचाराल तर फार काही नाही. झाडोरा माजलेला, दगडांचे ढीग, कुठे जोत्याची एखादी ओळ. पण जाच. आणि तिथे उभे राहून पायाखाली बघा. कारण तुम्ही ज्या जमिनीवर उभे असाल तिला हलवणारा हात तिथे नव्हता. तो शेकडो मैलांवरून येत होता. ही गोष्ट मला पहिल्यांदा कोणी सांगितली तेव्हा मी हसलो होतो.

आता ती सरळ करून सांगतो. पृथ्वी बाहेरून घट्ट दिसते, पण तिचे वरचे कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचे आहे. सात-आठ फार मोठे तुकडे आणि बरेच लहान. शास्त्रज्ञ त्यांना भूपट्ट किंवा प्लेट म्हणतात. एकेका पट्टाची जाडी सुमारे शंभर किलोमीटर. त्याखालचा खडक भयंकर तापलेला आहे. पृथ्वी घडली तेव्हाची काही उष्णता अजून पोटात आहे, आणि युरेनियमसारखी द्रव्ये खडकात हळूहळू झिजत असतात, तीही उष्णता देतात.

तुम्ही गुऱ्हाळावर काहील पाहिली आहे. खाली जाळ लागला की रस मध्यावर उसळून वर येतो, कडांकडे वाहतो आणि पुन्हा खाली जातो. वर आलेली मळी त्या वाहण्याबरोबर इकडून तिकडे सरकत राहते. मळीचे दोन थर एकमेकांना भिडले की दुमडतात, एक दुसऱ्याखाली जातो. भूपट्टांचे काहीसे असेच. फरक एवढाच की आतला खडक रसासारखा पातळ नाही. तो घट्टच आहे. पण डांबराचा गोळा कसा असतो? हातोडा मारला तर फुटतो, आणि उन्हात आठवडाभर तसाच ठेवला तर पसरतो. लाखो वर्षांच्या हिशेबात तापलेला खडकही तसाच वाहतो. शिवाय पट्टाचे जुने, थंड, जड झालेले टोक आत बुडू लागले की ते बाकीच्या पट्टाला आपल्यामागे ओढते. ही ओढ फार मोठी असते.

जमिनीचे खंड सरकतात, ही कल्पना १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने मांडली. भूगर्भाचे मोठमोठे पंडित त्याला हसले. ढकलणारे बळ कोणते, हे त्याला नीट सांगता येत नव्हते. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात तो मरण पावला. पुढे १९६० नंतरच्या दशकात समुद्राच्या तळाची मोजणी झाली. तिथे डोंगरांच्या लांबच लांब रांगा आहेत आणि त्यांच्या मध्यावरच्या भेगेतून नवा खडक वर येऊन तळ दोन्ही बाजूंना सरकतो आहे, हे दिसले, तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली.

आपला भारत ज्या पट्टावर आहे तो एके काळी पार दक्षिणेला, आफ्रिका आणि अंटार्क्टिका यांच्याशी जोडलेला होता. तो सुटला आणि उत्तरेकडे निघाला. वाटेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, त्याच्या पोटातून लाव्हा उसळला आणि थरावर थर साचला. तोच आपला काळा पत्थर. तो झिजून, कुजून झाली ती आपल्या रानातली काळी माती. म्हणजे जिच्यात आपण कापूस आणि ज्वारी घेतो ती माती हा पट्ट प्रवासात असताना बाहेर पडली. तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्याही दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास होती.

पुढे, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी, भारताचा पट्ट आशियाला जाऊन धडकला. मध्ये जो समुद्र होता त्याचा तळ दाबला गेला, चेपला गेला, उचलला गेला. तोच हिमालय. खरे वाटत नसेल तर देवघरात पाहा. तुमच्या घरी शाळिग्राम असेल. तो नेपाळातल्या गंडकी नदीतून येतो. त्याच्यावर चक्राची जी खूण असते ती समुद्रात राहणाऱ्या, शंखासारखे कवच असलेल्या प्राण्याची आहे. तो प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या गाळात रुतला, दगड झाला आणि तो तळ हिमालयात वर आला. आपल्या आजीने रोज गंध लावून पूजलेला तो दगड, भूपट्ट सरकतात याचा पुरावाच आहे.

धडक झाली म्हणून भारत थांबला, असे नाही. वेग कमी झाला. आजही तो आशियाच्या तुलनेत वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. आपल्या तीन बोटांइतके समजा. १९९३ नंतरच्या तीस वर्षांत तीन हातांहून थोडे अधिक. उपग्रहांच्या साहाय्याने आता हे दरसाल मोजता येते.

एवढ्या सावकाशीने सरकणाऱ्या गोष्टीने एवढा अनर्थ कसा केला? त्यासाठी चिखलात रुतलेली बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. बैल मान घालून ओढत असतात. गाडी हलत नाही. जू करकरते, दोर ताणले जातात, साटीची लाकडे वाकतात. ओढ तर चालूच आहे, पण ती गाडीत साठते आहे. मग एकाएकी चाक सुटते आणि गाडी हाताभर उसळून पुढे जाते. वर बसलेला माणूस सावध नसेल तर खाली. खडकाचेही तेच. पट्ट सरकत असतात, पण त्यांच्या कडा एकमेकींत अडकलेल्या असतात. खडक वाकतो, ताण साठतो. शंभर वर्षे, पाचशे वर्षे. एके दिवशी तड्यावरची पकड सुटते आणि शतकांची चाल एका क्षणात होते. तो झटका लाटांसारखा चहूकडे पसरतो. तोच भूकंप.

म्हणून जगातले बहुतेक भूकंप पट्टांच्या कडेला होतात. आपल्या पट्टाची कड हिमालयात आहे, पूर्वेला म्यानमार-अंदमानाच्या बाजूने आहे, पश्चिमेला पाकिस्तानातल्या डोंगरांतून जाते. १९०५ चा कांगड्याचा, १९३४ चा बिहार-नेपाळचा, २०१५ चा नेपाळचा, तसेच २६ डिसेंबर २००४ चा सुमात्राजवळचा, ज्याने त्सुनामी आणली, हे सगळे कडेवरचे.

मग लातूर? तिथून हिमालय किती दूर! हाच प्रश्न १९९३ साली मोठमोठ्यांना पडला होता. दख्खनचे पठार म्हणजे जुना, थंड, स्थिर खडक अशी समजूत होती. सरकारी नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या पट्ट्यात रंगवलेला होता. २००२ साली तो पहिला पट्टाच नकाशातून काढून टाकला आणि लातूरचा भाग तिसऱ्यात घातला. नकाशा बदलायला आधी गावे पडावी लागली, हे म्हणताना वाईट वाटते, पण तसे झाले खरे.

उत्तर असे आहे. एक लांब तुळई घ्या. एक टोक भिंतीला टेकवा आणि दुसऱ्या टोकाकडून चार जणांनी रेटा द्या. दाब फक्त भिंतीशी राहत नाही, सगळ्या तुळईभर पसरतो. तुळई चांगली असेल तर काही होत नाही. पण मध्येच कुठे जुनी गाठ असेल, चीर असेल, तर तिथे कडकन आवाज येतो. भारताच्या पट्टाला मागून, दक्षिणेच्या समुद्रातल्या डोंगररांगेकडून रेटा आहे आणि पुढे हिमालयाचा अडसर आहे. हा दाब नागपूरखाली आहे, सोलापूरखाली आहे, तुमच्या गावाखालीही आहे. किल्लारीखाली एक जुनी चीर होती.

ती वरून दिसत नव्हती, कारण काळ्या पत्थराने तिच्यावर पांघरूण घातले होते. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक घेतले. आपण पाण्यासाठी बोअर घेतो तसेच, पण खडकाचे नमुने काढत. ३३८ मीटरपर्यंत काळा पत्थर लागला. त्याच्याखाली पुरातन ग्रॅनाइटी खडक. १९९३ साली तिथे जमीन तड्यावरून सरकली ती अशी की दोन्हीकडून दाब येऊन एक बाजू दुसरीवर चढली. गावाजवळच्या रानात तर हा चढ उघड्यावर दिसला. पेरलेल्या शेतातून तुटक-तुटक अशी एक ओळ उठली होती, एक बाजू सुमारे अर्धा मीटर वर. बांध नसलेल्या जागी रात्रीत बांध यावा तसा.

सूचना मिळाली नव्हती असेही नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या भागाला हादरे बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा तर चांगला जाणवण्याजोगा होता. माणसे घाबरली, बाहेर झोपली. मग हादरे थांबले, भीती ओसरली, माणसे घरात परतली. यात कोणाला बोल लावावा? लहान हादऱ्यांमागून मोठा येतो असे दर वेळी होत नाही. बहुतेकदा काहीच होत नाही. भूकंप अमुक दिवशी अमुक ठिकाणी होईल, हे आजही जगात कोणालाही सांगता येत नाही. तारीख सांगत कोणी आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता एक हिशेब पाहा. नेपाळला २५ एप्रिल २०१५ रोजी जो भूकंप झाला त्याची तीव्रता ७.८ होती. किल्लारीची ६.२, काही नोंदींत ६.४. हे आकडे जवळजवळचे वाटतात, पण या मापात एक अंक वाढला की बाहेर पडणारी शक्ती सुमारे ३२ पट होते. त्या हिशेबाने नेपाळचा भूकंप किल्लारीच्या अडीचशे पट. नेपाळात सुमारे ९ हजार माणसे गेली. इथे सुमारे १० हजार. म्हणजे अडीचशेव्या हिश्श्याच्या भूकंपाने आपल्याकडे त्याहून जास्त बळी घेतले.

याची काही कारणे जमिनीत आहेत. किल्लारीचा भूकंप उथळ होता, थोड्याच किलोमीटर खोलीवर सुरू झाला, त्यामुळे वरच्या थोड्या गावांना धक्का फार जोराचा बसला. वेळ पहाटेची, सगळी घरात. पण मोठे कारण जमिनीत नव्हते. ते जमिनीवर होते. ते समजून घ्यायचे तर जुन्या गावठाणातले दगड बघा.

तिथली घरे माळवदाची होती. कोणी धाबे म्हणेल. सोलापूर, लातूर, बीडकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. भिंत दोन-अडीच हात जाडीची. बाहेरून एक दगडांचा थर, आतून एक थर, मध्ये दगडगोटे आणि माती. दगड गोलसर, न घडवलेले, मातीत बसवलेले. वर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या नाहीतर चिपा, पाला, आणि त्यावर पांढरी माती. ही माती दर पावसाळ्याआधी घालायची. गळू लागले की आणखी घालायची. आजाने घातली, बापाने घातली, आपण घातली. अशी दीड-दोन फूट होते. दहा बाय दहाच्या एका खणावर दीड फूट माती म्हणजे दीडशे घनफूट. तिचे वजन जवळजवळ सात टन. दोन ट्रॉल्या माती आपल्या पाळण्यावर आणि बाजेवर टांगून आपण झोपत होतो.

हे घर वाईट होते असे मी म्हणणार नाही. बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात त्या भिंतींआड काय गारवा असतो! चोरा-दरोडेखोराला भिंत फोडणे सोपे नसे. वर धान्य, पापड, मिरच्या वाळवायला जागा. घराने जे-जे शत्रू पाहिले होते त्यांच्यासाठी ते नीट बांधले होते. भूकंप त्याने पाहिला नव्हता. पट्टाच्या मध्यावरची चीर पुन्हा सरकायला हजारो वर्षे लागतात. तेवढी आठवण कुठल्या गावाला असते? ना आजीच्या गोष्टीत, ना ओवीत, ना गवंड्याच्या हातात.

पट्टाच्या कडेला राहणाऱ्यांचे तसे नाही. १२ जून १८९७ ला आसाम-मेघालयाकडे प्रचंड भूकंप झाला. दगडी इमारती कोसळल्या. त्यानंतर तिकडे लाकडी सांगाडा, बांबूच्या तट्ट्या आणि वर हलके छप्पर अशी घरे रूढ झाली. हिमाचलात दगडाच्या थरांमध्ये आडवी लाकडे घालून, कोपऱ्यात ती गुंफून भिंत उभारतात. कच्छमधली गोल भुंगा घरे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात पुष्कळशी टिकली. धक्का खाल्लेल्या मुलखाने तो धक्का आपल्या घरात लक्षात ठेवला आहे.

किल्लारीत जमीन हलली तेव्हा काय झाले? दगडी भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधलेले नव्हते. आरपार जाणारा लांब दगड कुठे घातलेला नव्हता. हादऱ्याबरोबर मधली माती खचली, आतला थर आत आणि बाहेरचा बाहेर ढासळला, आणि ज्या छपराचा भार भिंतीवर होता ते मातीसकट खाली आले. मातीने श्वास कोंडून माणसे गेली. याच गावांत ज्यांच्या खणात लाकडी खांब भक्कम होते आणि छपराचा भार त्या खांबांवर होता, त्यांच्या भिंती पडल्या तरी काही ठिकाणी छप्पर तसेच उभे राहिले. आणि ज्याला पक्के घर बांधता आले नव्हते, जो पत्र्याच्या नाहीतर गवताच्या छपराखाली होता, तो बहुधा वाचला. त्या रात्री गरिबीने काहींना वाचवले. एरवी ती असे क्वचितच करते.

भूकंपानंतर इंजिनिअर मंडळींनी उरलेल्या दगडी घरांसाठी काही उपाय गावोगाव शिकवले. ते आजही तसेच लागू आहेत आणि तुमच्या गावात जुने माळवद असेल तर तुमच्या उपयोगाचे आहेत. छपरावरची जादा माती उतरवायची, पाऊस अडेल एवढीच ठेवायची आणि तिच्याखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन थर एकत्र बांधले जातात. खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरकस लाकूड किंवा लोखंडी पट्टी ठोकायची, म्हणजे चौकट डुलणार नाही. नवे घर बांधत असाल तर दारे-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून फिरणारा सळईचा सलग पट्टा. टोपलीला काठाशी वळलेली कामटी असते ना, तसा. ती कामटी निघाली की टोपली उसवते. कोपऱ्यांवर उभी सळई. हे करायला घराच्या एकूण खर्चाच्या मानाने फार पैसा लागत नाही. गवंडी म्हणेल, कशाला, इतकी घरे बांधली मी. त्याच्याशी वाद घालू नका. सळई आणून द्या आणि समोर उभे राहा.

साताऱ्याकडच्या वाचकांना एव्हाना कोयना आठवली असेल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. १९६० नंतर तिथे धरणात पाणी साठू लागले आणि हादरे सुरू झाले. ते लहान प्रमाणात अजूनही चालू आहेत. तेव्हा दोष पाण्याचा की पट्टाच्या रेट्याचा? दोन्ही. ताण मूळचा पट्टाचाच. पाणी तड्यांत खोल झिरपले, आतला दाब वाढला, पकड ढिली झाली. रुतलेल्या चाकाखाली कोणी पाणी ओतावे तसे. कोयनेजवळ गोठणे गावी तीन किलोमीटर खोल भोक घेऊन शास्त्रज्ञ हेच तपासत आले आहेत. तिथे काळ्या पत्थराचा थर सव्वा किलोमीटर जाड निघाला, किल्लारीच्या जवळजवळ चौपट. सह्याद्रीकडून पूर्वेला जावे तसे हे पांघरूण पातळ होत जाते.

पुन्हा नव्या किल्लारीत या. भूकंपानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. देशभरातून, देशाबाहेरून मदत आली. या गावांतून हिंडताना दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली म्हणजे मोकळी जागा. जुन्या गावात घराला घर खेटून होते, बोळ अरुंद होते. पळायला जावे कुठे हाही प्रश्न होता. आता रस्ता एवढा रुंद की समोरच्या वाड्यातल्या बाईशी बोलायला ओरडावे लागते. ओटा नाही, पार लांब, रान तर काहींना आणखी लांब पडले. नकाशावर गाव चांगले दिसते, पण ते ज्याने काढले त्याला बैल घेऊन रानात जायचे नव्हते, अशी कुरकूर तुम्हाला कानी पडेल. ती अगदीच खोटी नाही.

दुसरी गोष्ट नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. सरकारी घर लहान, संसार वाढला, तेव्हा लोकांनी खोल्या वाढवल्या. काहींनी पत्र्याच्या, काहींनी विटांच्या. कुठे गोठ्याला, कुठे कुंपणाला ओळखीचा काळा दगड दिसतो. तो कुठून आला, हे विचारू नका. दगड चांगला आहे, फुकट आहे, आणि तो बापजाद्यांच्या घराचा आहे. एवढेच बघा की त्यावर छप्पर चढवले आहे का, आणि चढवले असेल तर दारावर पट्टा आहे का.

जायचे असेल तर ३० सप्टेंबरच्या सुमारास जा. त्या दिवशी सकाळी स्मृतिस्तंभाशी माणसे जमतात, फुले वाहतात, पोलीस बंदुकीची सलामी देतात. म्हातारी माणसे थोडा वेळ तिथेच बसून राहतात. कोणी बोलायला लागले तर ऐका. आपण होऊन विचारू नका. मग हळूहळू गर्दी पांगते. सोयाबीन काढणीचे दिवस असतात, मजूर मिळायची मारामार असते आणि आभाळ भरून आलेले असते. ऊन चढेपर्यंत बहुतेक जण रानात गेलेले असतात.